हद्दीच्या आतली खोली

आत्या जिना चढून आली ती नियमांची पुस्तिका हातात धरूनच. चपला काढायच्या आधी तिने पान उघडलं होतं आणि खुर्चीत टेकायच्या आधी वाचायलाही लागली होती.

“परीक्षेला शहराबाहेरचं मूलसुद्धा बसू शकतं. इथपर्यंत आपलं ठीक. आता पुढचं ऐका. ‘मात्र प्रवेश देताना मूल आई किंवा वडील, अथवा कोर्टाने नेमलेले पालक यांच्यासह शहराच्या हद्दीत प्रत्यक्ष राहत असले पाहिजे.’ प्रत्यक्ष या शब्दाखाली रेघ आहे. मी मारलेली नाही, छापलेलीच आहे.”

“आधी चहा घे,” तिची थोरली वहिनी म्हणाली.

आत्या शहराच्या पाणी खात्यात कारकून होती आणि नियम म्हटला की तिच्या अंगात वारं शिरायचं. तिचे दोघे भाऊ तिला कायदेपंडित म्हणायचे, तिच्या तोंडावर आणि तिच्या माघारीही. आज मात्र कोणी हसलं नाही. थोरला भाऊ, ज्याला घरात आणि गल्लीतही सगळे दादाच म्हणायचे, खिडकीपाशी बसून नखांखाली वाळलेली खळ कोरत होता. खाली त्याचा बाइंडिंगचा कारखाना होता आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा खळीचा आंबूस वास जिन्यातून वर येत असे. धाकटा भाऊ पलंगाच्या कडेला बसला होता. वीज कंपनीत तारा जोडायचं काम करणारा म्हणून त्याला तारवाला हे नाव पडलं होतं. त्याच्या शेजारी त्याची बायको, घरातली धाकटी सून, हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून, जणू आत्ताच उठून जायचं आहे. आणि त्यांची मुलगी, पिंगळी, जमिनीवर बसून सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होती. जन्मली तेव्हा चेहऱ्यात डोळ्यांशिवाय दुसरं काही नव्हतंच. ते डोळे अजून तसेच होते.

शहराच्या निवडीच्या शाळेची परीक्षा ती पास झाली होती. शहर स्वतःच्या खर्चाने चालवतं ती शाळा. फी नाही, वशिला नाही, फक्त परीक्षा. तारवाल्याच्या क्वार्टर्समधलं एकही मूल आजवर तिथे पोचलं नव्हतं. निकाल कळला तेव्हा तो खांबावर होता. खालून सोबत्याने ओरडून सांगितलं, तेव्हा त्याने कमरेचा पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि मग खांबालाच मिठी मारली.

पण क्वार्टर्स पुलाच्या पलीकडे होते आणि शहराची हद्द पुलाच्या मधोमध संपत होती. तिथे घोडं अडलं होतं.

थोरलीने कप भरले. ती प्रसूतीच्या इस्पितळात नर्स होती, तिच्या हातून कधी काही सांडत नसे. धाकटीपुढे कप ठेवताना मात्र बशीत थोडा चहा सांडला. दोघींनी तो पाहिला. या घरातून धाकटी बाहेर पडली त्याला पिंगळीच्या वयाएवढी वर्षं झाली होती. त्यानंतर दोघी जावा एकमेकींना लग्नकार्यात भेटत, तब्येत विचारत, आणि आपापल्या टोकाला जाऊन बसत. भांडण असं झालंच नव्हतं. झालं असतं तर निदान मिटलं तरी असतं.

“साधी गोष्ट आहे,” तारवाला म्हणाला. “वहिनी, तुमचा पत्ता लावायचा, बस्स. राहील ती आमच्याकडेच. रोज सकाळी मी तिला सायकलवर पुलाच्या अलीकडे आणून सोडीन.”

“पडताळणीला माणूस येतो,” आत्या म्हणाली. “पण त्याचं काही कठीण नाही. एक गादी घालायची, खुंटीला चार फ्रॉक लावायचे, टेबलावर दोन वह्या. आमच्या ऑफिसातल्या दोघांनी असंच केलंय. त्यांची मुलं शिकताहेत मजेत.”

“आणि कळलं तर?” दादाने विचारलं.

“कळलं तर नाव काढतात. वर्षाच्या मध्येसुद्धा.” आत्याने पुस्तिकेवर बोट ठेवलं. “पण कळतं कुणाला? दगडापेक्षा वीट मऊ, दादा. शाळा सोडून देण्यापेक्षा हे बरं.”

दादाने मान हलवली, हो आणि नाही यांच्या मधली. तो बहुतेक वेळा तशीच हलवायचा. आत्या आणि तारवाला एका बाजूला, दादा कुंपणावर. धाकटी कपाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

“आत्या,” पिंगळी म्हणाली, “शाळेत बाईंनी विचारलं, कुठे राहतेस, तर काय सांगू?”

“काकांकडे म्हणून सांगायचं.”

“आणि शाळा सुटल्यावर? इकडच्या मुली इकडे वळतील. मी पुलाकडे कशी वळू?”

आत्याने पुस्तिकेवर नजर टाकली. तिने चहाचा घोट घेतला.

“बरोबर विचारतेय पोरगी,” थोरली म्हणाली. तिचा आवाज वॉर्डात असतो तसा होता, खालचा आणि न हलणारा. “परीक्षा तिने स्वतःच्या डोक्यावर दिली. त्याला आपण ठिगळ कशाला लावायचं? रोज सकाळी दप्तरात पुस्तकांबरोबर एक खोटंही भरून न्यायचं तिने. आणि यादीत तिच्या मागे हद्दीत खरोखर राहणारं कुणाचं तरी पोर असेलच की. त्याच्या आईला काय सांगायचं?”

“म्हणजे तुमचा नकार,” तारवाला म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “सरळ सांगा ना वहिनी. पत्तासुद्धा द्यायचा नाही म्हणून.”

“मी पत्त्याला नाही म्हणत नाहीये. खोट्या पत्त्याला नाही म्हणतेय.”

“आम्हाला एकच पत्ता मागायचा होता. तोही मिळेना.”

“हळू बोल,” दादा म्हणाला. “ती काय तुझी शत्रू आहे?”

मग आत्याने पान उलटलं. कारकुनाला एक खिडकी बंद झाली की दुसरी दिसते.

“आणखी एक वाट आहे,” ती म्हणाली. “अगदी सरळ, नियमात बसणारी. कोर्टाने नेमलेले पालक. दादा आणि वहिनी अर्ज करतील, तुम्ही दोघं संमती द्याल. पिंगळी इथे राहील. प्रत्यक्ष. कुणाला काही लपवायला नको. वहिनींना खोटं नको ना? मग हे खरं आहे.”

*

धाकटीने कप खाली ठेवला. तिच्या बोटांना चिरा पडलेल्या होत्या. क्वार्टर्सजवळच्या कारखान्यात ती ताडपत्र्या शिवायची आणि जाड सुई रेटून रेटून तिचा अंगठा बाहेरच्या बाजूला वळला होता. आता तो अंगठा तिने मुठीत घेतला.

तिला ठाऊक होतं, या घरात यायचं म्हणजे कधीतरी हे निघणार.

पिंगळी वेळेच्या फार आधी जन्मली होती. धाकटीला त्याच रात्री ताप चढला आणि पुढचे कितीतरी दिवस तिला कळलेच नाहीत. काचेच्या पेट्या भरलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, कुणीतरी अंगाशी धरून ठेवलं पाहिजे, कातडीला कातडी लागून, सतत. थोरलीने ड्युटी बदलून घेतली आणि पोर छातीशी बांधली. ती तशीच जेवली, तशीच बसून झोपली. स्वतःला मूल नसलेली बाई. हे सगळं धाकटीला नंतर इतरांनी सांगितलं. तिला स्वतःला आठवत होतं ते एवढंच. डोळे उघडले, कुणीतरी एक गुंडाळी तिच्या हातात दिली, आणि ती गुंडाळी रडायला लागली. थांबेचना. मग थोरलीने घेतली आणि ती गप्प झाली.

त्या गप्प होण्याचा आवाज धाकटीच्या कानात राहिला होता.

घरी आल्यावरही तेच. पोर हिच्याकडे रडे, तिच्याकडे निजे. येणारे-जाणारे म्हणत, काय नशीबवान मूल, दोन आया मिळाल्या. धाकटी हसे. नवऱ्याला पुलापलीकडचे क्वार्टर्स मिळाले, तेव्हा तिने एका दुपारी सामान बांधलं. थोरली कामावर गेली होती. आभार मानायला शब्द सापडत नव्हते. तिथून मग आज मानू, उद्या मानू करता करता पोर परीक्षा पास झाली.

“कागदावरच ना,” तारवाला आता म्हणत होता. त्याने बायकोकडे पाहिलं नाही. “म्हणजे पोर आमचीच राहणार. दर सुट्टीला येईल.”

“अर्थात तुमचीच,” आत्या म्हणाली. “शाळा संपली की कागद रद्द.”

“आणि मग शाळेत आईचं नाव कुठे लिहायचं?” पिंगळीने विचारलं.

“पालक म्हणून काकूचं लिहायचं. आईचं आई म्हणून असतंच की.”

“पण प्रगतिपुस्तकावर सही कोण करणार?”

“काकू,” आत्या म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिने धाकटीकडे पाहिलं आणि तिला कळलं, आपण काहीतरी तोडून बसलो.

धाकटी उठली. “जरा वारा घेऊन येते,” असं म्हणून ती मागच्या खोलीकडे गेली. पिशवी तिने बरोबर नेली.

*

“चल, तुला नवं यंत्र दाखवतो,” दादा भावाला म्हणाला. नवं यंत्र वगैरे काही नव्हतं. दोघे जिना उतरून कारखान्यात आले. कोपऱ्यात लोखंडी दाबाखाली पुस्तकांची चवड होती, टेबलावर शिवायचे फर्मे, छापील पानांच्या घड्या, रचलेले. दादाने सवयीने वरच्या फर्म्याची कड अंगठ्याने सरळ केली.

“तू का नाही राहायला येत?” त्याने विचारलं.

“मला क्वार्टर्स सोडता येत नाहीत, दादा. वारा सुटला, तार तुटली, की हाकेच्या अंतरावर असावं लागतं. तशी अटच आहे. नोकरीतली.”

“सगळ्यांच्या अटी आहेत,” दादा म्हणाला. “शाळेच्या, कंपनीच्या. आणि आपल्या घरातल्या. त्या तर कुठे छापलेल्यासुद्धा नाहीत.”

तारवाला टेबलावर टेकला. “हिला विचारलं नाही मी. वरती बोलून मोकळा झालो. तिचा चेहरा पाहिलास?”

“पाहिला. माझ्या बायकोचाही पाहिला.” दादाने आवाज खाली आणला. “तुम्ही गेलात ना, त्या दिवशी ही ड्युटीवरून आली. पोरीची दोन झबली दोरीवर राहिली होती. तिने त्यांना इस्त्री केली. झबल्याला कोण इस्त्री करतं? घडी घालून माझ्या हाती दिली, म्हणाली, पुलापलीकडे नेऊन द्या. मी दिली. त्यानंतर या विषयावर एक शब्द नाही. आता आत्याने ते पालकत्वाचं काढलं, आणि होकार तिच्या ओठावर आला होता. मला दिसला. मला भीती ही आहे की ती हो म्हणेल.”

“मग काय करायचं?”

“ते मला माहीत असतं तर मी तुला यंत्र दाखवायला खाली आणलं असतं का?”

दोघे भाऊ हसले, पण थोडंच. समोर असलेली तिसरी वाट दोघांनाही दिसत होती. ती काढायचं धाडस मात्र कोणालाच होत नव्हतं, कारण त्या वाटेवर दोन्ही टोकांना दोघी जावा उभ्या होत्या.

*

वर थोरली कप विसळत होती. आत्या तिच्यामागे उभी राहून म्हणाली, “वहिनी, मी तुमच्याच भल्याचं बोलले. तुम्हाला ती किती हवी आहे, मला काय दिसत नाही?”

“दिसतं ना तुला,” थोरली म्हणाली. “फारच दिसतं.”

तिने नळ बंद केला. खरं होतं. मघाशी आत्याने कोर्टाचं म्हटलं आणि तिच्या छातीवर, त्याच जागी, एक वजन येऊन बसलं होतं. मूठभर, ऊबदार, कबुतराच्या पिल्लाएवढं. इतक्या वर्षांत इस्पितळात हजारो मुलं तिच्या हातांतून गेली. पण वजन आठवायचं ते एकाच मुलाचं. पोरगी इथे राहील. सकाळी तिची वेणी आपण घालू. सही आपली. सगळं नियमात बसणारं. आणि कुणी म्हणणारही नाही की हिने हिसकावून घेतली, कारण देणारे स्वतःच देताहेत.

पिंगळी दारात येऊन उभी राहिली होती.

“काकू, तुम्हाला ठाऊक आहे, त्या शाळेत नकाशांची एक खोली आहे. परीक्षेच्या दिवशी दार उघडं होतं. भिंतीवर डोंगर वर आलेले आहेत, हात लावता येतात. मी लावला. कुणी रागावलं नाही.”

“मग? कसा लागला डोंगर?”

“खरखरीत.” ती थांबली. “मला ती शाळा खूप हवी आहे. पण आई आता मागच्या खोलीत उभी आहे आणि ती वारा घेत नाहीये. तिथे खिडकीच नाही.”

थोरलीने हात पुसले. पोरीच्या डोळ्यांकडे ती पाहत राहिली. ते तिने पहिल्यांदा उघडले तेव्हा समोर थोरलीच होती. पण त्यांत जे होतं ते दुसऱ्या कुणाचं होतं. बोलायच्या आधी थांबण्याची ती रीत, समोरच्याला अवघडू न देता खरं सांगायची. धाकटी नवी नवरी म्हणून या घरात आली तेव्हा ती तशीच होती. थोरलीला तेव्हा ती आवडली होती. हे आपण इतकी वर्षं विसरूनच गेलो होतो, असं तिच्या ध्यानात आलं.

“खालच्यांना वर बोलाव,” ती आत्याला म्हणाली.

मागची खोली म्हणजे दादाची कागद ठेवायची जागा. रिमांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले, मध्ये उभं राहण्यापुरती वाट. धाकटी त्या वाटेत पाठमोरी उभी होती. थोरली दारात थांबली. मागून दोघे भाऊ आणि आत्या आले. सगळ्यांना आत शिरायला जागा नव्हती, म्हणून पुढचं सगळं बोलणं दारात दाटीवाटीनेच झालं.

“मला ते पालकत्व नको,” थोरली म्हणाली.

“वहिनी, मग शाळा हातची जाईल,” तारवाला म्हणाला.

“नाही जायची. नियम नीट वाच. आई किंवा वडील, यांच्यासह. तुला येता येत नाही, कळलं. पण हिला येता येतं.” ती धाकटीच्या पाठीशी बोलत होती. “मला पोरगी हवी, नाही कशाला म्हणू? पण आईसकट हवी. तू राहायला ये. ही खोली रिकामी करू.”

धाकटी वळली. डोळे कोरडे होते, पण आवाज घोगरा.

“आपलं पटेल का, ताई?”

“नाही पटलं तर भांडू. भांडायला एका घरात असावं लागतं. इतकी वर्षं आपल्याला तेसुद्धा जमलं नाही.”

आत्या फिस्सकन हसली आणि तिने लगेच तोंडावर हात ठेवला.

“मी तुमच्याशी नीट वागले नाही,” धाकटी म्हणाली. “तुम्ही घरी नसताना पोर घेऊन गेले.”

“तुझीच होती.”

“तुम्ही ती जगवलीत. मी एकदाही तोंडाने म्हटलं नाही.”

“माझं कामच आहे ते.”

“काम ड्युटी संपली की संपतं, ताई. तुम्ही घरी गेला नव्हतात. मला सगळ्यांनी सांगितलंय. मला ते ऐकवत नव्हतं. ती माझ्याकडे रडायची आणि तुमच्याकडे गप्प व्हायची. मला वाटायचं, तिला आई म्हणजे तुम्हीच ठाऊक आहात. मी कोण, ते तिला कुणी सांगितलंच नाही.”

थोरलीने रिमांच्या गठ्ठ्यावर हात टेकला.

“मी सांगत होते,” ती म्हणाली. “रोज. तुझी खाट दोन वॉर्ड पलीकडे होती. मी सिस्टरांकडून तुझा ताप विचारून यायचे आणि हिला सांगायचे. आज आई पाणी प्यायली. आज आईने डोळे उघडले, पण ओळख नाही. आज ताप उतरला. तिला काय कळणार होतं? पण दुसरं काय बोलायचं एवढ्याशा जिवाशी? मग तुझ्याबद्दलच बोलायचे. माझ्याकडे ती गप्प व्हायची असं तू म्हणतेस ना. ती ऐकत असेल.”

धाकटीच्या हातातली पिशवी खाली पडली. तिने दोन्ही हात पुढे केले आणि थोरलीचे हात धरले, चिरा पडलेल्या बोटांनी, घट्ट. तिला म्हणायचं होतं ते मोठं होतं आणि त्याला शब्द मात्र एवढासाच होता.

“उपकार झाले, ताई.”

“झाले,” थोरली म्हणाली. “आता रडायचं असेल तर बाहेर ये. इथे कागद आहेत, भिजतील.”

मग दारातली सगळीच माणसं एकाच वेळी बोलायला लागली. आत्या म्हणाली, हीच वाट मी सर्वात आधी सुचवणार होते. तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही आणि कोणी वादही घातला नाही. दादाने घसा साफ केला. “जुजबंदीला मला माणूस हवंच आहे,” तो धाकटीला म्हणाला. “फर्मे शिवायचे. ताडपत्रीपुढे हे म्हणजे लोणी. पण पगार घ्यायचा, घरचं काम म्हणून सोडायचा नाही. नाहीतर मी ठेवणार नाही.”

“घेईन की,” धाकटी म्हणाली. “आधी शिवून दाखवते.”

“आणि मी?” तारवाला म्हणाला. तो हसत होता, पण प्रश्न खरा होता. पुलापलीकडच्या दोन खोल्यांत आता तो एकटा राहणार होता. संध्याकाळी दार उघडलं की आत कुणी नसणार. हे त्याच्या आत्ताच लक्षात आलं होतं. धाकटीच्याही आलं. तिने त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्या पाहण्यात सगळा हिशेब होता, पण पुन्हा विचार करू असं नव्हतं.

“सुट्टीच्या दिवशी तू इकडे,” थोरली त्याला म्हणाली. “मधल्या एखाद्या दिवशी या दोघी तिकडे. जेवणाचा डबा मी इस्पितळात जाताना पुलापाशी देत जाईन. एवढं वाईट तोंड करू नकोस, लग्नाआधी माझ्याच हातचं जेवत होतास.”

“तेव्हा तक्रार करायची सोय नव्हती, वहिनी.”

“आताही नाही.”

पिंगळी दाटीतून वाट काढत आत आली, गठ्ठ्यांच्या मधल्या वाटेत उभी राहिली आणि तिने मान वर करून छताकडे पाहिलं. “खिडकी पाडता येईल का?” तिने विचारलं. दादाने भिंतीवर बोट वाजवून पाहिलं आणि म्हणाला, येईल.

*

पडताळणीला आलेला गृहस्थ जिना चढून धापा टाकत होता. त्याला आधी पाणी दिलं. तोवर कागदाचे गठ्ठे खाली कारखान्यात गेले होते, भिंतीत लाकडी चौकट बसली होती आणि तिच्या कडेचं सिमेंट अजून ओलसर होतं. दोन गाद्या, एक कपाट, दारामागे धाकटीच्या साड्या. एका कोपऱ्यात पिंगळीची पुस्तकं. काहीही मांडून ठेवलेलं नव्हतं. उलट सकाळी दोघी जावांची फोडणीच्या भांड्यावरून झकाझकी झाली होती आणि ते भांडं अजून ओट्यावर मधोमध पडलेलं होतं, कारण दोघींपैकी कोणीच ते उचलायला तयार नव्हती.

गृहस्थाने खोली पाहिली. गादीवर हात ठेवला नाही, कपाट उघडायला लावलं नाही. लोक काय मांडून ठेवतात ते त्याने पुष्कळ पाहिलेलं असावं. त्याने फक्त पिंगळीला विचारलं, “रात्री या घरात आवाज कसला येतो?”

“खाली दाब करकरतो,” ती म्हणाली. “आणि काका झोपेत मोजतात. पानं.”

“वडील कुठे असतात?”

“पुलापलीकडे. तारा बघतात. काल आले होते, आज पहाटे गेले.”

त्याने मान हलवली आणि लिहिलं. “आई?”

“मी,” धाकटी म्हणाली. तिच्या बोटांना खळ लागलेली होती, तिने हात पदराला पुसले.

“सही इथे करा.” तिने केली. सावकाश, पूर्ण नाव. मग त्याने थोरलीकडे पाहिलं. ती नुकतीच ड्युटीवरून आली होती, अंगावर पांढरे कपडे तसेच होते. “आणि आपण? मुलीशी नातं?”

“काकू,” थोरली म्हणाली.

“मोठी आई लिहा,” धाकटी म्हणाली.

गृहस्थाने चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं. “बाई, यात तसा रकाना नाही. काकू आहे.”

“मग काकू लिहा,” धाकटी म्हणाली. “तुमचा नियम तुम्ही पाळा. घरात काय म्हणायचं ते आम्ही बघू.”

थोरलीने ओट्यावरचं भांडं उचललं आणि घासायला घेतलं.